रोजची भाकर

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)



नवे वर्ष लागले की अनेक ख्रिस्ती घरांत एक संकल्प सोडला जातो. यंदा बायबल पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून काढायचे. जानेवारीत उत्पत्तीचे पुस्तक भराभर पुढे सरकते. आदाम-हव्वा, नोहाचे तारू, योसेफ आणि त्याचे मत्सरी भाऊ, गोष्टीमागून गोष्ट येते. मग निर्गम. मोशे, फारो, दुभंगलेला समुद्र. त्यानंतर मात्र निवासमंडपाच्या पडद्यांची मापे येतात, लेवीय नावाच्या पुस्तकात यज्ञांचे विधी येतात, आणि फेब्रुवारी संपता संपता खुणेचा कागद त्याच पानात अडकून राहतो. आपल्या मराठीत संकल्प करण्यालाही ‘सोडणे’च म्हणतात, हे किती खरे आहे!

मी जन्माने आणि श्रद्धेने मुसलमान. मराठीत कविता लिहितो. आमच्या घरात हजरत ईसा आणि बीबी मरियम ही नावे आदराने घेतली जातात. कुराणातील एका सूरेचे नावच मरियम आहे. शिवाय माझे आयुष्य नगरमध्ये, म्हणजे आजच्या अहिल्यानगरमध्ये, ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या सोबतीने गेले. रोज ठरल्या वेळी देवापुढे उभे राहणे म्हणजे काय, हे आम्ही एकमेकांच्या ओसरीवर बसून पाहिले आहे. म्हणून ख्रिस्ती प्रार्थनेची आणि बायबल वाचनाची रोजची सवय कशी लागते आणि कशी टिकते, याविषयी आज थोडे बोलणार आहे.

पहिली गोष्ट, मन लागेल तेव्हा प्रार्थना करू असे म्हणणाऱ्याची प्रार्थना होत नाही. आम्हा कवींना हे चांगले ठाऊक आहे. स्फूर्तीची वाट पाहणारा कवी वाटच पाहत बसतो. गवई रोज पहाटे तंबोरा जुळवतो तो गळा लागला आहे म्हणून नव्हे, गळा लागावा म्हणून. बायबलमध्ये दानीएल नावाच्या संदेष्ट्याची कथा आहे. तो परक्या देशात मोठ्या हुद्द्यावर होता. राजाखेरीज कोणाकडेही मागणे मागायचे नाही, असा हुकूम निघाला. तो कळल्यावर दानीएल घरी गेला, यरुशलेमेच्या दिशेच्या खिडकीपाशी गुडघे टेकले आणि दिवसातून तीनदा प्रार्थना केली. पुढे त्याला सिंहांच्या गुहेत टाकले, ते सगळ्यांना माहीत असते. पण त्या कथेतला एक बारकावा मला फार मोलाचा वाटतो. त्याने नवे काहीच केले नाही. पूर्वी करीत असे तेच त्या दिवशी केले. संकटाच्या दिवशी सवय नव्याने लावता येत नाही. ती बऱ्या दिवसांत लागलेली असावी लागते.

येशूचेही तसेच. मार्ककृत शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात कफर्णहूम गावातल्या एका दिवसाचे वर्णन आहे. संध्याकाळी सारे गाव दाराशी लोटले, आजाऱ्यांची रीघ लागली. दुसऱ्या दिवशी मोठ्या पहाटे, अंधार असतानाच, येशू उठून एकांतात प्रार्थनेला गेला. शिष्य शोधत आले, लोक वाट पाहत आहेत म्हणाले. कामाची गर्दी म्हणून प्रार्थना राहिली, असे आपण म्हणतो. तिथे गर्दी होती म्हणूनच पहाट निवडली होती.

आता ही सवय लावायची कशी? वेळ एक ठरवावी आणि ती रोजच्या एखाद्या कामाला बांधावी. चहा होण्याआधी, दिवा लागल्यावर, दुकानाचे शटर वर करण्यापूर्वी. नुसते ‘सकाळी’ म्हटले की सकाळ निसटते. जागाही एकच असावी. खिडकीजवळची खुर्ची असो की स्वयंपाकघरातला पाट, त्या जागेवर बसले की मनाला कळते, आता काय करायचे आहे. आणि शक्यतो छापील पुस्तक घ्यावे. मोबाइलवर बायबल मिळते, प्रवासात ते सोयीचेही असते. पण मधेच कोणाचा तरी निरोप येऊन टपकतो आणि पौलाचे पत्र बाजूला राहून आपण भलतेच पत्र वाचू लागतो.

मग प्रश्न येतो किती वाचायचे हा. प्रॉटेस्टंट मंडळी वापरतात त्या ६६ पुस्तकांच्या बायबलमध्ये १,१८९ अध्याय आहेत. वर्षात संपवायचे तर रोज तीन-चार अध्याय हवेत. सवय नसलेल्याला हा घास मोठा आहे. नव्या करारात मात्र २६० अध्याय आहेत. आठवड्याचे पाच दिवस, रोज एक अध्याय घेतला तर ५२ आठवड्यांत नेमका नवा करार पुरा होतो आणि राहून गेलेले वाचायला दोन दिवस हाताशी उरतात. मार्ककृत शुभवर्तमान अवघ्या १६ अध्यायांचे आहे. सुरुवात तिथून करावी. जोडीला स्तोत्रसंहितेतले एखादे स्तोत्र. नीतिसूत्रांचे ३१ अध्याय आहेत, तारखेप्रमाणे रोज एक, असे वाचणारेही पुष्कळ आहेत.

वाचले की झाले, असे मात्र नाही. बाराव्या शतकात गिगो नावाचा एक संन्यासी होऊन गेला. त्याने या साधनेच्या शिडीला चार पायऱ्या सांगितल्या: वाचन, मनन, प्रार्थना आणि शेवटी देवाजवळ नुसते शांत बसणे. त्याने दाखला दिला तो जेवणाचा. वाचन म्हणजे घास तोंडात घालणे, मनन म्हणजे तो चावणे, प्रार्थनेत त्याची चव लागते, आणि शांततेत उरतो तो गोडवा. आपल्याकडे सुद्धा पोथी भराभर वाचून संपवणाऱ्याला म्हातारी माणसे विचारीत, पोटात काय गेले?

वाचनाने सुरुवात करण्यात आणखी एक शहाणपण आहे. नुसते डोळे मिटून बसले की आपल्याच काळज्या समोर फेर धरतात. आधी वाचले तर बोलणे दुसऱ्याने सुरू केलेले असते. आपण उत्तर द्यायचे असते. मग प्रार्थना म्हणजे मागण्यांची यादी राहत नाही, तो संवाद होतो.

यासंबंधी मार्टिन ल्यूथरने १५३५ साली एक छोटे पुस्तक लिहिले. ते लिहिले कोणासाठी? विटेनबर्ग गावातल्या आपल्या न्हाव्यासाठी! पेटर त्याचे नाव. प्रार्थना कशी करावी, असे त्याने विचारले होते. ल्यूथरने सांगितले की सकाळचे पहिले आणि रात्रीचे शेवटचे काम प्रार्थना असू दे. ‘थोड्या वेळाने करतो, आधी हे उरकतो’ या विचारापासून सांभाळ. चांगला न्हावी नजर वस्तऱ्यावर ठेवतो. गप्पांत रमला तर गिऱ्हाइकाचे नाक, तोंड, प्रसंगी गळाही कापील. प्रार्थनेतही तसेच लक्ष हवे. मग त्याने एक युक्ती दिली. वाचलेल्या वचनाचे चार पदर करायचे. यात मला शिकवण कोणती? आभार कशाचे मानू? कबूल काय करू? आणि मागू काय? चार प्रश्न, दहा मिनिटे. पाचशे वर्षे होत आली, याहून सोपी रीत मला तरी दिसलेली नाही.

पण या गोष्टीचा पुढचा भाग सहसा कोणी सांगत नाही. त्याच वर्षी, ईस्टरच्या तोंडावर, या पेटरने जेवणाच्या बैठकीत आपल्या जावयाला सुरा खुपसला. जावई गेला. ल्यूथर आणि इतरांनी रदबदली केली म्हणून पेटरचा जीव वाचला, पण गावातून हद्दपारी झाली. ज्याच्यासाठी प्रार्थनेचे पुस्तक लिहिले, त्याच्या हातून हे घडले. श्रोतेहो, ही गोष्ट ऐकून कोणी म्हणेल, मग प्रार्थनेचा उपयोग काय? मला ती निराळे सांगते. प्रार्थना म्हणजे दंडाला बांधायचा ताईत नव्हे. ती केली म्हणून माणूस आपोआप चांगला होत नाही. नमाजाच्या बाबतीत मी हेच म्हणेन आणि वारीच्या बाबतीतही. कबुलीचा तो तिसरा पदर रोज लागतो तो याचसाठी, की आपल्या हातातल्या वस्तऱ्याचा भरवसा कोणी धरू नये.

स्कॉटलंडमधला तरुण धर्मोपदेशक रॉबर्ट मरे मॅकचेन याने १८४२ साली आपल्या मंडळीसाठी वर्षभराच्या बायबल वाचनाचा तक्ता केला. जुना करार एकदा, नवा करार आणि स्तोत्रे दोनदा. पुढल्याच वर्षी, वयाच्या २९व्या वर्षी, तो वारला. तक्ता मात्र आजही जगभर वापरला जातो. तक्ता देतानाच त्याने धोकेही सांगून ठेवले होते: वाचन निव्वळ उपचार होऊन बसेल, रोजचा भाग पुरा केला म्हणून अहंकार चढेल, उरकण्याच्या घाईत लक्ष उडेल, आणि काहींना हे जू जड होईल. तक्ता करणाऱ्यानेच हे बजावावे, यात त्याचा प्रामाणिकपणा आहे. म्हणून एखादा दिवस चुकला तर मागची थकबाकी फेडत बसू नये. आजचे वाचावे आणि पुढे चालावे.

सवय टिकण्यासाठी भाषाही घरची लागते. पंडिता रमाबाईंनी हे ओळखले होते. त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि केडगावच्या मुक्ती सदनात अनेक वर्षे खपून त्यांनी अवघे बायबल मराठीत आणले. विद्वानांसाठी नव्हे, तर नुकतीच अक्षरे गिरवू लागलेल्या बायांना कळावे म्हणून. मुक्ती सदनातल्या स्त्रियांनीच त्याची छपाई केली. काम हातावेगळे झाले आणि १९२२ साली रमाबाई गेल्या. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती उपासनेला अभंग आणि ओवी दिली. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो असे ते सांगत. त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. आपल्या काळात वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ मराठीला दिले. २०२० सालच्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२४ साली ते गेले. जी प्रार्थना आईच्या भाषेत असते ती आजारपणात, झोपेतही ओठांवर येते. परकी वाक्ये अशा वेळी आठवत नाहीत.

आणि सोबत हवी. गोव्यात तिन्हीसांजेला घरातली सगळी माणसे तेर्स म्हणायला एकत्र बसत. वसईतही घराघरांत जपमाळ चाले. एकट्याचा कंटाळा दहा जणांच्या आवाजात विरून जातो. ती वेळ आता मालिकांनी आणि मोबाइलने घेतली, अशी तक्रार वडीलधारी मंडळी करतात. तक्रार खरी आहे, पण मुलांना दरडावून प्रार्थनेला बसवले तर त्यांना दरडावणेच तेवढे आठवेल. बाप स्वतः रोज बसलेला दिसला, आईने वाचताना मुलाच्या परीक्षेचा, शेजारणीच्या आजाराचा नावानिशी उल्लेख केला, तर मुले हळूहळू जवळ सरकतात.

माझे एक ख्रिस्ती मित्र एस.टी.त कंडक्टर होते. पहाटेच्या गाडीवर ड्यूटी असली तरी डेपोत निघण्यापूर्वी एक स्तोत्र वाचायचे, हा त्यांचा तीस वर्षांचा नेम. निवृत्तीनंतर त्यांच्या मंडळी गेल्या. मी भेटायला जात असे, पण काय बोलावे ते सुचत नसे. एकदा मीच विचारले, प्रार्थना करता का? ते म्हणाले, “भाई, माझ्याने एक शब्द बोलवत नाही. मी फक्त ठरल्या वेळी खुर्चीत बसतो आणि त्या दिवसाचे स्तोत्र वाचतो. माझे बोलणे बंद आहे, म्हणून ते पुस्तकच माझ्या वतीने बोलते.” त्या दिवशी त्यांनी ८८वे स्तोत्र वाचले होते. दीडशे स्तोत्रांत हे विशेष काळोखे. त्यात देवाला हाका आहेत, तक्रार आहे, पण शेवटी दिलासा नाही; ते अंधारातच संपते. तरीही ते प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवले आहे. म्हणजे आनंद नसताना, विश्वास डळमळत असतानाही या खुर्चीत बसायची परवानगी आहे. आठ-नऊ महिन्यांनी त्यांच्या तोंडी पुन्हा शब्द आले. पहिली प्रार्थना त्यांनी शेजारच्या मुलीच्या बाळंतपणासाठी केली, हे मला त्यांनीच सांगितले.

सवयीला आपण कोरडी म्हणतो, यांत्रिक म्हणतो. पण हृदय साथ देत नाही त्या दिवशी माणसाला धरून ठेवते ती सवयच. येशूने शिष्यांना जी प्रार्थना शिकवली तिच्यात भाकरीचे मागणे आहे, आणि तेही फक्त आजच्या भाकरीचे. वर्षाचे धान्य त्यात मागितलेले नाही. भाकरी करणाऱ्या बाईला हे समजावून सांगावे लागत नाही. कालची भाकरी कालची झाली. आज पुन्हा पीठ मळायचे, पुन्हा तवा तापवायचा. कधी ती टम्म फुगते, कधी फुगत नाही. पोट दोन्हींनी भरते.

तेव्हा ज्यांच्या कपाटात बायबल आहे आणि खुणेचा कागद कधीपासून त्याच पानात आहे, त्यांनी तो खुशाल काढून टाकावा. मार्ककृत शुभवर्तमान उघडावे, पहिला अध्याय. दहा मिनिटे पुरतील. आणि आज जमले नाही तर उद्या पहाट आहेच.