मुक्या जिवाची अपरात्र

(भाषणाचा मजकूर)



मुंबईत १८३२ साली भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध दंगल उसळली. तिच्या पाठोपाठ, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि व्यापारी महाजनांच्या पुढाकाराने तेथील पांजरापोळ उभी राहिली. जीवदयेची ही परंपरा निवाऱ्याची आहे. चारा, पाणी, छप्पर यांची आहे. परंतु घरातील कुत्र्या-मांजराचे दुखणे रात्री दीड वाजता उलटते, तेव्हा त्या जिवाला निवारा असतोच. त्याला हवी असते ती वेळेवर मदत.

बोक्याचे उदाहरण घ्यावे. तो पुनःपुन्हा वाळूच्या पेटीत जाऊन बसतो, कुंथतो, ओरडतो. घरातील मंडळी बद्धकोष्ठ समजून सकाळची वाट पाहतात. वस्तुतः त्याची लघवी अडलेली असते. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद. खडा वा चिकट बोळा अडकला की मूत्राशय तुंबते, रक्तातील पोटॅशियम वाढते आणि हृदयाचे ठोके बिघडतात. एक-दोन दिवसांत सारे संपते. वेळीच नळी घालून मार्ग मोकळा केला, तर बहुतेक बोके वाचतात. ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड अशा खोल छातीच्या कुत्र्यांचे पोट फुगते, उमाळे येतात, पण उलटी पडत नाही. तेव्हा जठराला पीळ पडलेला असू शकतो. तेथे तर तासांचाच हिशेब.

घरगुती उपायांनीही पुष्कळ घात होतो. तापाची पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. जैन स्वयंपाकघरात कांदा-लसूण नसल्याने कुत्र्यावरचे एक संकट आपसूक टळते खरे. परंतु मनुका प्रत्येक डब्यात असतात आणि त्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. विषबाधेत मिठाचे पाणी पाजणे किंवा झटके येत असता तोंडात पाणी ओतणे, दोन्ही घातक. उन्हाने प्राणी कोसळला, तर साध्या पाण्याने भिजवावे, वारा घालावा आणि लगेच निघावे.

निघावे कोठे? मुंबईत परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय जुने. महालक्ष्मीला २०२४ मध्ये टाटा ट्रस्टचे रुग्णालय सुरू झाले. तालुक्याच्या गावी असे काही नसते. १९६२ हा शासकीय क्रमांक आहे, पण त्याचा भर गायीगुरांवर. म्हणून रात्री फोन उचलणारा पशुवैद्य कोण, क्ष-किरण व प्राणवायूची सोय कोठे, हे प्राणी धडधाकट असतानाच विचारून ठेवावे. निघण्यापूर्वी फोन करून वय, वजन, लक्षणे केव्हापासून व काय खाल्ले ते सांगावे. औषधाचे वेष्टन बरोबर घ्यावे. जखमी कुत्रे मालकालाही चावते, तेव्हा चादरीत गुंडाळून उचलावे. चावलेच, तर जखम साबणाच्या वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लस घ्यावी.

खर्च मोठा असतो, आणि अनेकांचे पाऊल तेथेच अडखळते. संस्थांच्या जीवदया निधीतील थोडा वाटा चाऱ्याबरोबर अशा रात्रींसाठी ठेवला, तर तो अस्थानी ठरणार नाही.

सर्वांत अवघड प्रश्न डॉक्टर दयामरण सुचवतात तेव्हाचा. सल्लेखना स्वेच्छेची असते. मुक्या जिवाच्या वतीने कोणी ती घेऊ शकत नाही, असे मानणारे समाजात अनेक आहेत. ती भूमिका आदरणीय आहे. मात्र दयामरण नाकारणाऱ्याने त्याच क्षणी वेदनाशामक मागितले पाहिजे, आणि ते अखेरपर्यंत वेळच्या वेळी देण्याची तयारी ठेवली पाहिजे. नुसता नकार देऊन प्राण्याला घरी आणले आणि तो रात्रभर कण्हत राहिला, तर त्या नकाराला अहिंसा म्हणता येणे कठीण आहे. हे बोलणे घरात आधीच होऊन जावे. रुग्णालयाच्या दारात ते होत नाही.