पाळकाचं बिऱ्हाड



 ठाण्यातल्या सेंट जेम्स चर्चचं समर्पण बिशप हेबर यांनी १८२५ साली केलं. तेव्हापासून या भागात किती पाळक आले, किती बदलून गेले. येणाऱ्याला आपण हार घालतो, निवृत्त होणाऱ्याला शाल देतो. मधेच सेवा सोडणाऱ्यासाठी मात्र आपण काहीच ठरवलेलं नाही.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा संघ उभा करायला ते साताऱ्याला गेले. पगार थांबला. दोन वर्षांत, मे १९१९ मध्ये, ते वारले. त्या त्यागाविषयी आपण पुष्कळ बोलतो. पण घर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना चालवायचं होतं, हे लक्षात ठेवून आज बोलू या.

मागच्या पावसाळ्यात सेवा सोडलेल्या एका पाळकांच्या कुटुंबाबरोबर मी डोंबिवली पूर्वेला खोल्या बघत हिंडलो. एजंटनं कागद मागितले. आधार कार्ड, गॅसचं पुस्तक, मुलीच्या शाळेचा दाखला, सगळीकडे पत्ता एकच, चर्चच्या बंगल्याचा. आणि तो तर महिनाअखेर रिकामा करायचा होता. डिपॉझिटला पैसे नव्हते. कपाट आणि खाटसुद्धा मंडळीच्या यादीतली. पाळकीणबाईंनी इतकी वर्षं संडेस्कूल आणि महिला मंडळ सांभाळलं, पण अनुभवाचा दाखला कोण देणार? साहेबांची सेरामपूरची बी. डी.; कल्याणच्या एका ऑफिसात ही कसली पदवी म्हणून विचारलं.

सेवा का सोडली, याची कुजबुज उपासना सुटायच्या आत सुरू होते. कुणाची तब्येत ढासळते, कुणाचं पंचांशी पटत नाही, कुणाचा विश्वासच डळमळतो. गैरवर्तन झालं असेल तर चौकशी व्हावी, झाकाझाक अजिबात नको. पण तेव्हाही बायकामुलांच्या डोक्यावरचं छप्पर काढायचा अधिकार आपल्याला नाही, असं माझं ठाम मत आहे.

म्हणून मंडळ्यांच्या या परिषदेनं निदान एवढा ठराव करावा: मुलांचं शालेय वर्ष संपेपर्यंत घर रिकामं करायला लावू नये, भाड्याच्या घराच्या डिपॉझिटसाठी प्रत्येक मंडळीनं निधी राखावा आणि पाळकीणबाईंच्या कामाचा लेखी दाखला द्यावा. आणि ते कुटुंब रविवारी चर्चमध्ये आलं, तर शेजारी जाऊन बसावं. हे ठरावात लिहिता येत नाही, पण घरी बसलेल्या पाळकांना सगळ्यात जास्त तेच लागतं.

सेवा सोडलेली काही कुटुंबं आज आपल्यात आहेत. त्यांची ओळख करून देणार नाही. त्यांना वाटलं तर ती बोलतील.

दाराजवळच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. ठाणे ते बदलापूर कुणाकडे भाड्यानं द्यायची खोली असेल, ऑफिसात, शाळेत, दवाखान्यात जागा असेल, त्यांनी जेवणाच्या सुट्टीत नाव आणि फोन नंबर लिहावा.