आतड्यातले राखणदार

निपाणीजवळच्या वेदगंगा नदीला पावसाचं गढूळ पाणी आलं की जुलाबाची भीती वाढते. आतड्यातले उपकारक जिवाणू रोगजंतूंना जागा नि अन्न मिळू देत नाहीत, आम्ल सोडून त्यांची वाढ रोखतात, अस्तराजवळच्या रोगप्रतिकारक पेशींना सावध ठेवतात. याची चाचणी ओडिशाच्या खेड्यांत साडेचार हजारांवर नवजात बाळांवर झाली; त्यांतल्या काहींना ७ दिवस निवडक जिवाणू त्या जिवाणूंच्या खाद्यासह दिले. इतर बाळांच्या तुलनेत त्यांच्यात रक्तात भिनणारा संसर्ग आणि मृत्यू मिळून ४० टक्के घटले. २०१७ साली ‘नेचर’ या नियतकालिकात हे प्रसिद्ध झालं. पण तो जिवाणूंचा एक विशिष्ट वाण. बाजारातल्या जिवाणूंच्या प्रत्येक पुडीला तो गुण लागू नाही. घरच्या विरजणाचं ताजं दही मोठ्यांनी जरूर खावं. जुलाब लागले तर मात्र आधी जलसंजीवनी द्या. शौचातून रक्त दिसलं तर लगेच दवाखाना गाठा.