पाय दाबल्यानंतरचा क्षण



मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय ‘तुझ्या कामाबद्दल काहीतरी’ असा मोघम. काल रात्री जेवताना मात्र विषय आपोआप मिळाला. आपल्यातल्याच एकाच्या मुलाने जुनी ऑक्टाव्हिया आरएस घेतली आहे. टर्बो पेट्रोल, ताकद भरपूर. तक्रार एकच: यवतेश्वरच्या घाटात वळणातून बाहेर पडताना अ‍ॅक्सिलरेटर दाबला की गाडी क्षणभर ढिम्म, आणि मग एकदम सुसाट. त्याला एक डबी विकत घ्यायची आहे. पेडलच्या वायरमध्ये जोडायची, की ‘लॅग गायब’ म्हणे. बापाने मला विचारलं, घेऊ देऊ का? मी बावीस वर्षं जर्मनीत इंजिन कॅलिब्रेशन करतो. चालकाने पाय किती दाबला तर इंजिनाने किती जोर द्यायचा, हे ठरवणं हेच माझं काम. तेव्हा उत्तर देणं भाग आहे.

सर समोर बसलेत, म्हणून जडत्वापासून सुरुवात करतो. नववीत सरांनी आपली सायकल वर्गात आणून उलटी उभी केली होती. ओल्या चिंध्या आधी चाकाच्या आसाजवळ बांधल्या, मग त्याच चिंध्या कडेला. वजन तेवढंच, पण दुसऱ्या वेळी चाकाला वेग द्यायला पुढच्या बाकावरच्याचे हात भरून आले. (तो मीच. पाणीही माझ्याच अंगावर उडालं.) माझा पगार आजही त्या चिंध्यांवर चालतो.

टर्बो म्हणजे एका दांड्यावरची दोन चाकं. एकाला इंजिनातून बाहेर पडणारा वायू फिरवतो, आणि त्या जोरावर दुसरं चाक इंजिनात जादा हवा कोंबतं. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली या कल्पनेचं पेटंट घेतलं. अडचण तेव्हापासूनची आहे. वायूचा जोर वाढायला जास्त इंधन जळावं लागतं, त्यासाठी जास्त हवा लागते, आणि ती तर टर्बो फिरल्यावर येणार. जोरात असताना हा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो. तिथवर पोचायला लागणारा वेळ म्हणजे लॅग.

१९७५ साली रस्त्यावर आलेली पोर्शे ९११ टर्बो यासाठी बदनाम झाली. तीन लिटरचं इंजिन, २६० अश्वशक्ती, एकच मोठा टर्बो आणि इंजिन मागच्या चाकांच्याही मागे. वळणात पाय दाबावा तर काही होत नाही. म्हणून माणूस आणखी दाबतो. मग सगळा जोर एकदम येतो. घाबरून पाय उचलला की वजन पुढे सरकतं आणि शेपूट रस्ता सोडतं. इंग्रजीत तिला ‘विडोमेकर’ म्हणायचे. बायकोला विधवा करणारी!

उपाय निघाले. चाकं लहान आणि हलकी केली. चिंध्या आसाजवळ आणल्या म्हणा ना. पण लहान टर्बो लवकर जागा होतो आणि वरच्या वेगाला धापा टाकतो. मग वायूचा मार्ग कमीजास्त करणारी हलती पाती आली. २००६ च्या ९११ टर्बोत ती आहेत. रॅलीच्या गाड्यांत तर टर्बो फिरता ठेवायला इंधन थेट एक्झॉस्टमध्ये जाळतात. फटाके फुटल्यासारखा आवाज येतो आणि टर्बोचं आयुष्य झपाट्याने संपतं. हौसेला मोल नाही.

आता डबीकडे येतो. आजच्या गाडीत पेडलला केबल नसते. पेडल फक्त कॉम्प्युटरला सांगतं, ‘इतका जोर हवा.’ डबी मधे बसून खोटं सांगते: पाय वीस टक्के दाबला असताना पन्नास. गाडी चपळ वाटते. हवा मात्र कणभरही लवकर येत नाही. लॅग होता तिथेच राहतो, आणि पायाच्या हातात, म्हणजे ताब्यात, असलेला बारकावा जातो.

हे मी इतक्या खात्रीने सांगतो कारण हेच खोटं मी स्वतः एकदा लिहिलं आहे. नोकरीचं तिसरं वर्ष. स्पोर्ट मोडचा पेडल-नकाशा मी असाच तिखट केला. कोरड्या ट्रॅकवर साहेब लोक खूश. माझी पाठ थोपटली. पुढच्या आठवड्यात पाऊस लागला आणि आमच्याकडची एक अनुभवी टेस्ट ड्रायव्हर तीच गाडी घेऊन एका लहान वळणात शिरली. तिने पाय जरासाच टेकवला होता. गाडी आडवी होऊन तीन शंकू उडवत गवतात थांबली. तिला काही लागलं नाही. चावी माझ्या टेबलावर ठेवून ती म्हणाली, “मी थोडं मागितलं होतं. तू किती दिलंस?” मी त्या संध्याकाळीच नकाशा मागे घेतला. तिचे थरथरणारे हात अजून डोळ्यांसमोर आहेत.

तर मित्रा, डबी नको. ते पैसे चांगल्या टायरांत घाल. आणि पोराला सांग, वळणात शिरण्याआधीच एक गिअर खाली घे. फेरे अडीच हजारांच्या आसपास राहिले तर टर्बो जागाच असतो, त्याला हाका मारायला लागत नाहीत. गाडीचं दुखणं निम्मं तिथेच बरं होईल. उरलेलं उद्या सकाळी सात वाजता आम्ही घाटात तपासणार आहोत. सर, पुढची सीट तुमच्यासाठी ठेवली आहे. चिंध्या आणायची गरज नाही.