तिकिटात न धरलेली किंमत

साथीच्या काळात करमणुकीची उद्याने उघडली, तर तेथे जावे काय? हा प्रश्न ज्याच्या त्याच्या मर्जीचा मानला जातो. मला तो तसा वाटत नाही.

फ्लॉरिडातील वॉल्ट डिस्ने वर्ल्ड सुमारे चार महिने बंद राहून ११ जुलै २०२० रोजी उघडू लागले. दुसऱ्याच दिवशी त्या राज्याने १५,२९९ नवे कोरोनाबाधित जाहीर केले. ते उद्यानामुळे वाढले, असे मी म्हणत नाही. एका दिवसात तसे होत नसते. पण साथ ऐन भरात असताना दारे उघडली, हे खरे.

पाहुण्याला घरी राहण्याची मुभा होती. कामगाराला कितपत होती? बेकारभत्त्यात केंद्र सरकारने घातलेली आठवड्याला ६०० डॉलरची भर त्याच जुलैअखेर संपली. तेथील नटांच्या संघटनेला नियमित चाचणीसाठी झगडावे लागले. पाहुण्याने तिकिटाचे पैसे दिले; धोक्याची किंमत कामगाराच्या घरावर पडली.

‘आपण गेलो तर त्यांची रोजी टिकेल,’ असे सज्जन म्हणतात. सप्टेंबर २०२० मध्ये कंपनीने अमेरिकेत २८,००० जणांना कमी करण्याचे जाहीर केले. त्यांतील बहुसंख्य अर्धवेळ होते. कॅलिफोर्नियातील उद्यान तेव्हा बंदच होते, हे मान्य. तरीही पाहुण्यांची दया ही रोजगाराची हमी नव्हे, एवढे त्यातून शिकावे.

म्हणून माझी कसोटी साधी आहे. जेथे आजारपणाची भरपगारी रजा आहे आणि ‘आज येत नाही’ म्हणणाऱ्याची चूल विझत नाही, तेथे जाण्याचा विचार करावा. तोवर आपली सहल थांबू शकते.