उन्हाळ्याची सुटी आणि कासूचें स्थानक

उन्हाळ्याची सुटी कोठें घालवावी, हा प्रश्न मुंबई-पुण्याच्या सुशिक्षित कुटुंबांत हल्लीं फेब्रुवारींतच उपस्थित होतो आणि त्याचें उत्तर पुष्कळदां फार दूरचें असतें. इटलींतील तोस्कानी प्रांतांत एखादें दगडी घर, भोंवतीं द्राक्षांचे मळे, उतारावर ऑलिव्हचीं झाडें, सायंकाळीं अंगणांत मांडलेलें जेवण, असें चित्र चित्रपटांनीं आणि प्रवासवर्णनांनीं घरोघरीं पोहोंचविलें आहे. तें चित्र खोटें नाहीं. मात्र त्याच्या पाठीमागें एक कायदा उभा आहे, ही गोष्ट थोड्यांनाच ठाऊक असते. १९८५ च्या डिसेंबरांत इटलीनें शेतावरील पाहुणचारासंबंधीं जो कायदा केला, त्यांतील मुख्य अट अशी कीं, पाहुणे ठेवणारा मनुष्य आधीं शेतकरी असला पाहिजे. पाहुण्यांची मिळकत ही त्याच्या शेतीला पूरक असावी, तिची जागा घेणारी नसावी. म्हणून तेथें उतरलेला प्रवासी कोणाच्या तरी चालत्या शेतांत आणि चालत्या संसारांत उतरतो. गव्हाची कापणी जून-जुलैची, द्राक्षांची तोडणी बहुधा सप्टेंबरची, ऑलिव्हची त्यानंतरची. यजमानाचें पंचांग असें ठरलेलें असतें आणि शहाणा प्रवासी तें विचारून मगच आपले दिवस ठरवितो.

महाराष्ट्र शासनानेंहि २०२० सालीं कृषि-पर्यटनाचें धोरण स्वीकारलें. शेतावर राहाण्याची सोय आतां कोंकणांतहि ठिकठिकाणीं होऊं लागली आहे. तेव्हां इटलीचें तिकीट काढतांना ज्यांचा हात आखडतो त्यांनीं, आणि ज्यांचा आखडत नाहीं त्यांनींहि, एकदां रायगड जिल्ह्याच्या नकाशावर पेण आणि नागोठणें या दोन गांवांच्या मधोमध बोट ठेवून पाहावें. तेथें कासू नांवाचें एक लहानसें स्थानक आहे.

कासूची ख्याति असेल तर ती तेथून पुढें जाण्याबद्दलची आहे. एकोणिसाव्या शतकांत महाबळेश्वरास हवापालटासाठीं निघालेले साहेबलोक मुंबईहून जलमार्गानें धरमतरची खाडी चढून नागोठण्याच्या बंदरांत उतरत आणि तेथून पुढें घाटाकडे जात. कासूच्या शेजारून त्यांची वाट गेली, पण त्यांचा मुक्काम येथें पडला नाहीं. १९८६ सालीं आगगाडीचे रूळ रोह्यापर्यंत पोहोंचले, १९९८ सालीं कोंकण रेल्वे पूर्ण झाली. दूरच्या जलद गाड्या कासूस न थांबतां निघून जातात, दिवा-रोहा मार्गावरची सर्व स्थानकें घेणारी गाडी तेवढी थांबते. महामार्गाची कथा तर सर्वश्रुत आहे. पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरांच्या रुंदीकरणाला २०११ सालीं आरंभ झाला आणि तें काम वर्षानुवर्षें रेंगाळलें. त्याचे 'पळस्पे ते कासू' आणि 'कासू ते इंदापूर' असे दोन भाग पाडल्यामुळें या गांवाचें नांव वर्तमानपत्रांत वारंवार आलें, तें खड्ड्यांच्या संगतींत. ज्यांना पर्याय आहे त्यांनीं गाडीनेंच यावें, हें सांगण्यास यापेक्षां अधिक कारण नको.

सुटीचा बेत आंखतांना शहरी गृहस्थ प्रथम मुलांची परीक्षा पाहतो, मग कचेरींतील रजा, मग तिकिटें. शेतकऱ्याचें घर मात्र आगोटीकडे पाहत असतें. आगोट म्हणजे पावसाळ्याचें तोंड. तिच्या आधीं भाताच्या रोपांसाठीं राब भाजून व्हावा लागतो, बी काढून ठेवावें लागतें, कौलें परतावीं लागतात, सरपण आंत घ्यावें लागतें. घरांतील बायका मिरगुंडें, पापड, आंबोशी आणि सुकी मासळी यांची चार महिन्यांची बेगमी करीत असतात. मे महिन्याच्या उत्तरार्धांत या घरांत कोणालाहि श्वास घेण्यास सवड नसते, आणि नेमके तेव्हांच पाहुण्यांचे तांडे येऊन थडकतात. एप्रिलची अखेर आणि मेचे पहिले दोन आठवडे हा त्यांतल्या त्यांत बरा काळ. करवंदें आणि जांभळें तेव्हां सुरू झालेलीं असतात, ताडगोळे मिळतात, आंबा भरांत असतो आणि यजमानाला दोन घटका ओटीवर बसतां येतें. पावसावर भिस्त ठेवून बेत लांबविण्यांत तर धोकाच आहे. मुंबईस मोसमी पाऊस येण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून मानली जाते. २०२५ सालीं तो २६ मेलाच येऊन ठेपला. त्या वर्षीं ज्यांनीं मेच्या शेवटच्या आठवड्यासाठीं तजवीज केली होती, त्यांना चिखल तेवढा पाहावयास मिळाला असेल.

परंतु सर्वांत अवघड प्रश्न पाण्याचा आहे, आणि पत्रव्यवहार करतांना खोलीला वातानुकूलन आहे कीं नाहीं हें विचारणारा गृहस्थ याबद्दल सहसा अवाक्षर काढीत नाहीं. या जिल्ह्यांत वर्षाला सुमारें तीन हजार मिलीमीटर पाऊस पडतो. तो चार महिन्यांत कोसळतो आणि उताराच्या काळ्या कातळावरून तितक्याच वेगानें समुद्राला मिळतो. मे महिन्यांत विहिरींचे तळ दिसूं लागतात. कासूच्या पश्चिमेस आंबा नदीच्या खाडीकडे जो खारेपाट पसरला आहे, तेथें तर जमिनींतलें पाणीच खारें. विहीर खणून तरी काय हातीं लागणार? उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहणें पेणच्या खारेपाटांतील गांवांना नवें नाहीं. गंमत अशी, किंवा गंमत न म्हटलेलें बरें, कीं याच पेण तालुक्यांत हेटवणें येथें मोठें धरण आहे आणि त्याचें पाणी नव्या मुंबईच्या वसाहतींना जातें. म्हणजे खारघरच्या सदनिकेंतून येथें आलेला पाहुणा घरीं ज्या पाण्यानें स्नान करतो, तें या तालुक्यांतूनच त्याच्याकडे गेलेलें असण्याचा संभव आहे. 'ताई, तुमच्यासाठीं दोन बादल्या भरून ठेवल्यात,' असें यजमानीणबाई म्हणते, तेव्हां तिनें त्या कोठून आणि कितव्या खेपेस आणल्या, हें ती सांगत नाहीं. पोहण्याचा तलाव बांधलेली ठिकाणेंहि या बाजूस आढळतात. मे महिन्यांत त्या तलावांत उतरण्यापूर्वीं त्याचें पाणी कोठून आलें एवढें विचारण्यास हरकत नसावी.

त्याच खारेपाटांत मुलांना दाखविण्यासारखी गोष्टहि आहे. खाडीच्या कांठानें मातीचे बांध घालून समुद्राचें पाणी थोपविलेलें आणि आंतल्या जमिनींत भात पिकविलेलें. बांधांत ठिकठिकाणीं उघाड्या असतात. ओहोटीला आंतलें पावसाचें पाणी त्यांतून बाहेर पडतें, भरतीच्या रेट्यानें त्यांचीं दारें आपोआप मिटतात. बांध फुटला तर शेतांत खारें पाणी शिरतें आणि पुढचे कित्येक पावसाळे मीठ धुऊन निघेपर्यंत तेथें पीक येत नाहीं. अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या सुमारास, उधाणाच्या वेळीं, एखाद्या माहितगार शेतकऱ्याबरोबर त्या बांधावर उभें राहावें. समुद्राची पातळी आणि शेताची पातळी यांत किती अंतर आहे, हें तेथें डोळ्यांनीं दिसतें. हॉलंडांतील बांधांचा धडा शाळेंत पाठ केलेल्या मुलांना तर विशेष.

बाकीचीं स्थळें थोडक्यांत सांगतां येतील, कारण तीं एका मुक्कामावरून सावकाश पाहण्याजोगींच आहेत. पेणजवळच्या हमरापूर आणि जोहे या गांवांत गणेशमूर्तींचे कारखाने मे महिन्यांत ऐन भरांत असतात. हमरापूर हें याच लोहमार्गावरचें स्थानक. पेण तालुक्यांतील गागोदें हें विनोबा भावे यांचें जन्मग्राम; १८९५ सालीं ते तेथें जन्मले. नागोठण्याहून पालीचा बल्लाळेश्वर जवळ, पालीच्या शेजारीं उन्हेऱ्याचे ऊन पाण्याचे झरे. उन्हाळ्यांत ऊन पाण्याची हौस किती जणांना असेल हा प्रश्न निराळा. चार दिवसांत अलीबाग, मुरूड, महाड आणि रायगड उरकण्याची प्रतिज्ञा करून जो निघतो, त्याला महामार्गाचा परिचय मात्र उत्तम होतो.

उतरावयाचें घर निवडतांना इटालियन कायद्याची ती अट मनांत ठेवावी. या टापूंत जमिनीचे तुकडे पाडून शहरवासीयांना 'फार्महाऊस' म्हणून विकण्याचा व्यापार तेजींत आहे. तेथें हिरवळ असते, कारंजें असतें, बैलगाडीचें एक चाकहि भिंतीला टेकविलेलें असतें. शेत मात्र नसतें, आणि ज्यानें तें विकलें तो पुष्कळदां त्याच फाटकाशीं रखवालदार म्हणून उभा असतो. उलट जेथें गोठ्यांत जनावर आहे, ओटीवर भाताची कणगी आहे, आणि जेवणांत काय असेल असें विचारतां 'वाल आहेत घरचे, भाकरी आहे, मासळी मिळाली तर मासळी' असें उत्तर येतें, त्या घरीं दिलेला पैसा शेतावरच राहतो. अशा घरीं दर ठरवितांना घासाघीस करूं नये. शहरांतील उपाहारगृहांत एका वेळच्या जेवणाला जी रक्कम मुकाट्यानें मोजली जाते, तीच येथें चौघांच्या दिवसभराच्या जेवणाला जड कां वाटावी, याचा उलगडा होणें कठीण आहे.

सामानांत सुती कपडे, डोक्याला रुंद कांठाची टोपी आणि रात्रीसाठीं विजेरी असावी, वीज जाते. अकरापासून चारपर्यंत उन्हांत हिंडूं नये. त्या वेळीं गांवांतले लोकहि सांवलींत असतात. परततांना यजमानीणबाईकडून मिरगुंडें आणि आंबोशी विकत घेतां येईल, परंतु तें आल्या दिवशींच सांगून ठेवावें, नाहीं तर ती आपल्या बेगमींतलें काढून देईल. अलीबागचा पांढरा कांदा हवा असल्यास तो वडखळच्या बाजूस माळांनीं विकावयास बसलेला दिसतो. परतीच्या गाडीची वेळ आदल्या सायंकाळीं कासूच्या स्थानकावर विचारून ठेवावी. दिवसांतून थांबणाऱ्या गाड्या थोड्या आहेत, आणि एक चुकली तर पुढचीपर्यंत फलाटावर बसून राहावें लागतें.