थेंबातली वस्ती

मी कवितेत रमणारा माणूस; शिक्षण बी.ए.पर्यंतचे. मी जिवाणूंवर बोलणार म्हटल्यावर आपल्याला नवल वाटेल. पण बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराने मला या विषयाकडे ओढले.

तळ्याचे पाणी आपल्याला एकसारखे दिसते. तसे ते नसते. साध्या गोड्या तळ्याच्या एका थेंबात सुमारे ५० हजार जिवाणू असतात. जिवाणूची लांबी साधारण मिलिमीटरचा हजारावा भाग. त्याच्या मापाने थेंब म्हणजे मोठा मुलूखच. तिथे शेवाळाची एखादी पेशी मरते, तिच्यातून साखर पाझरते आणि पोहता येणारे जिवाणू तिकडे धाव घेतात. कुजक्या पानाच्या कणावर बाहेरच्या बाजूला बसलेले जिवाणू प्राणवायू संपवतात. मग आत वस्ती उरते ती त्याच्याशिवाय जगणाऱ्यांची. मिलिमीटरभर अंतरात जगण्याच्या दोन तऱ्हा!

लोणारचे विवर उल्कापाताने बेसाल्ट खडकात कोरले गेले. त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. पाण्याला बाहेर वाहून जायला वाट नाही. पाणी आटते, क्षार मागे राहतात. त्यामुळे पाण्याचा सामू १०च्या आसपास असतो. पण या खाऱ्या पाण्यात स्पिरुलिनासारखे हिरवे जिवाणू उन्हावर अन्न शिजवतात आणि प्राणवायू सोडतात. तळाच्या गाळात काही सूक्ष्मजीव प्राणवायूऐवजी सल्फेटवर श्वास चालवतात. सडक्या अंड्यासारखा वास येतो तो त्यांच्यामुळे. काही मिथेन वायू तयार करतात, तर काही तोच मिथेन खाऊन जगतात. एकाचे उष्टे ते दुसऱ्याचे ताट.

जून २०२०मध्ये हे पाणी गुलाबी झाले. लोकांनी नाना तर्क केले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले, तेव्हा हॅलोआर्किया हे मिठात वाढणारे, गुलाबी रंगद्रव्याचे सूक्ष्मजीव सापडले. शास्त्राच्या वर्गवारीत ते जिवाणूंचे दूरचे भाऊबंद. पाणी आटून खारेपणा वाढला होता, त्यांची चंगळ झाली. नमुना स्थिर ठेवल्यावर ते तळाशी बसले आणि वरचे पाणी नितळ झाले.

नोव्हेंबर २०२०मध्ये लोणार रामसर यादीत गेले. पण यादीने पाणी राखले जात नाही. गावचे सांडपाणी आणि शेतातल्या खतांचा निचरा तळ्यात उतरला, गोडे पाणी प्रमाणाबाहेर मिसळले, तर खारेपणा आणि सामू उतरतो. मग बाहेरचे जीव आत शिरतात आणि इथले मूळ रहिवासी हटतात. पक्षी गेला तर आपल्याला कळते. हे गेले तर त्यांच्यासाठी हळहळणार कोण? डोळ्यांना न दिसणाऱ्या शेजाऱ्याचाही हक्क असतो. सांडपाणी तळ्यापर्यंत पोचण्याआधीच अडवणे, एवढे तर आपल्या हातात आहे.